आपल्या गल्लीतलं खाणंपिणं : खानावळ, परमिट रूम आणि बार

स्मरणिका समितीची मंडळी घरी आली तेव्हा मला वाटलं, जुन्या हिशेबाचं काही विचारायचं असेल. या सोसायटीत खजिनदार म्हणून मी जे लिहिलं ते ताळेबंद आणि सभेची इतिवृत्तं. लेख वगैरे आपला प्रांत नव्हे. पण समितीतली मुलं म्हणाली, "काका, आपल्या परिसरातली हॉटेलं आणि बार कसे बदलत गेले ते लिहा. तुमच्याइतका जुना माणूस आता बिल्डिंगमध्ये दुसरा नाही." जुना म्हणाले म्हणून थोडं वाईट वाटलं, पण विषय सोडवेना.

कारण आपल्या लोअर परळमध्ये आज गूळ-खोबरं मिळायचं दुकान शोधावं लागतं आणि कॉकटेल मिळायच्या जागा बोटांवर मोजता येत नाहीत. पंचवीस वर्षांपूर्वी आपण चाळ सोडून या इमारतीत राहायला आलो, तेव्हा गोष्ट अशी नव्हती. त्याच्याही पंचवीस वर्षं आधी तर मुळीच नव्हती. नव्या सभासदांना आणि नातवंडांना हे ठाऊक असावं म्हणून जसं आठवतं, जसं वाचलं तसं सांगतो.

खानावळ

मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली ताडदेवला काढली. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत भायखळ्यापासून दादरपर्यंत गिरण्याच गिरण्या झाल्या. आपल्या आसपासचीच नावं घ्या : फिनिक्स, कमला, मथुरादास, मातुल्य, रघुवंशी, मफतलाल, अपोलो. गिरण्यांत काम करायला माणसं आली ती कोकणातून आणि घाटावरून, म्हणजे रत्नागिरी, सातारा, सांगली, कोल्हापूरकडून. बहुतेक जण एकटे यायचे. बायको-मुलं गावी, शेतीवर. एकाच गावची पंधरा-वीस माणसं मिळून चाळीत एक खोली घ्यायची. पाळ्या तीन असल्यामुळे एक उठला की दुसरा त्याच वळकटीवर आडवा व्हायचा.

आता या माणसांनी जेवायचं कुठं? त्यांच्यासाठी खानावळी होत्या. खानावळ म्हटल्यावर पाटी, टेबलं, मेनू असं डोळ्यांसमोर आणू नका. चाळीतल्याच एखाद्या बिऱ्हाडातली बाई स्वयंपाक करायची आणि दहा-वीस माणसं तिच्याकडे महिन्याच्या बोलीवर जेवायची. माझी आई अशीच खानावळ चालवायची. आमची खोली दहा बाय बाराची. तिच्याकडे सोळा माणसं होती. पहिली पाळी सकाळी सातला, दुसरी दुपारी साडेतीनला, तिसरी रात्री बाराला. भोंगा वाजला की आमच्या घरी पाट मांडले जायचे. भाकरी, आमटी, एखादी भाजी किंवा सुकटीचं कालवण, रविवारी मटण. ज्याला घरी येणं जमत नसे त्याचा डबा गिरणीच्या फाटकावर पोचवायचा. ते काम माझ्याकडे आणि माझ्या धाकट्या भावाकडे होतं. शाळेत मला पाढे येत होते त्यापेक्षा कुणाला किती भाकऱ्या लागतात हे जास्त पाठ होतं.

पैसे पगार झाल्यावर. तोपर्यंत सगळं उधारीवर. आई स्वतः किराणावाल्याकडून उधार आणायची आणि पुढे उधार वाढायची. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून वही मी लिहायचो. एका पानावर एक माणूस. माझी पहिली खातेवही तीच. बँकेत नंतर लागलो.

१९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी या खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केलं. आज त्याचं महत्त्व कुणाला कळणार नाही. १९६९ मध्ये बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं, आणि १९७२ पासून गरिबातल्या गरिबाला चार टक्के व्याजाने कर्ज देण्याची डीआरआय योजना आली होती. पण योजना असून काय उपयोग? माझ्या आईसारख्या बाईकडे तारण काय होतं? दोन पातेली आणि एक परात. मंडळाने या बायकांचे गट केले, एकमेकींच्या शब्दावर त्यांना बँकेच्या दारात उभं केलं आणि त्यांनी कर्जं फेडून दाखवली. मी तेव्हा नुकताच क्लार्क म्हणून चिकटलो होतो. आईने कर्ज घेतलं ते माझ्या बँकेतून नाही, दुसऱ्या बँकेतून. मीच तसं सांगितलं होतं. तिने फॉर्मवर अंगठा उठवला आणि मॅनेजरसाहेबांना विचारलं, "हप्ता चुकला तर भांडी न्याल का?" साहेब हसले. तिचा हप्ता एकदाही चुकला नाही. पुढे माझ्या नोकरीत मी शिकल्यासवरलेल्या लोकांची कितीतरी बुडीत कर्जं पाहिली आणि दर वेळी मला ती आठवली.

इराणी, उडुपी आणि परमिट रूम

खानावळीबाहेर चैन म्हणजे इराणी. रस्त्याचा कोपरा दिसला की तिथे इराणी असणारच. कोपऱ्याची जागा आपल्या व्यापाऱ्यांना अशुभ वाटायची, ती इराण्यांनी घेतली असं म्हणतात. संगमरवरी टेबलं, काळ्या लाकडी खुर्च्या, भिंतीवर आरसे, ब्रून मस्का आणि पानी कम चाय. एका चहावर पेपरची सगळी पानं वाचून व्हायची. युनियनच्या कितीतरी बैठका इराण्याच्या टेबलावर झाल्या असतील.

मग उडुपी आले. माटुंग्याचं रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ सालचं. आपल्या भागात इडली-डोसा रुळायला त्यानंतर बराच काळ गेला. माझे वडील साचेखात्यात होते. त्यांनी आयुष्यातला पहिला मसाला डोसा मला बँकेत नोकरी लागली त्या दिवशी खाल्ला आणि "बरा आहे, पण पोट भरत नाही" असा निकाल दिला.

आता दारूचं. स्मरणिकेत हा विषय नको, असं एका ज्येष्ठ सभासदांनी सुचवलं होतं. त्यांचा मान राखून सांगतो, दारूला वगळून या वस्तीचा इतिहास लिहिता येणार नाही.

मुंबई दारूबंदी अधिनियम १९४९ सालचा. मोरारजीभाईंच्या आग्रहाने १९५० पासून पूर्ण दारूबंदी झाली. दारू बंद झाली म्हणजे चोरून सुरू झाली. हातभट्ट्या आल्या, आंटीचे अड्डे आले. ट्यूबमधून दारू वाहून नेणारी मुलं मी लहानपणी पाहिली आहेत. पगाराच्या दिवशी गिरणीच्या फाटकाबाहेर दोन प्रकारचे लोक उभे असायचे, वसुलीला आलेले पठाण आणि नवऱ्याची वाट बघणाऱ्या बायका. नवरा अड्ड्यावर पोचायच्या आत बायकोला पोचायचं असे.

साठच्या दशकात सरकारने बंदी सैल केली. कायदा मात्र रद्द झाला नाही. ज्याला प्यायची त्याने परवाना घ्यावा, असं ठरलं. म्हणून बारला आपल्याकडे 'परमिट रूम' म्हणतात. आजही कायद्याने दारू प्यायला परवाना लागतो. तो एका दिवसाचा मिळतो, वर्षाचा मिळतो आणि तहहयातही मिळतो. बीअर आणि वाइनसाठी वय एकवीस पूर्ण हवं, कडक दारूसाठी पंचवीस. एखादा तरुण मतदान करून सरकार निवडू शकतो, लग्न करू शकतो, पण पेग घ्यायला त्याला थांबावं लागतं. यावर आपल्या इमारतीतल्या मुलांची मतं काय आहेत ती मला गच्चीवर ऐकू येतात!

आपल्या परिसरातल्या जुन्या परमिट रूम बघितल्या तर पुष्कळशा मूळच्या शाकाहारी हॉटेलांच्या पोटातून निघालेल्या. खाली इडली-वडा, वर माळ्यावर 'ए.सी. स्पेशल'. काळोख, एक्झॉस्ट पंखा, स्टीलच्या वाटीत खारे शेंगदाणे नि काकडी. तिथे कॉकटेल कुणी मागत नसे. क्वार्टर आणि सोडा, विषय संपला. देशी दारूचं दुकान वेगळं, तिथे तर बसायचंही काम नाही. उभ्या उभ्या नवटाक मारायची आणि घरी जायचं.

संप

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. साठाहून अधिक गिरण्या, सुमारे अडीच लाख कामगार. तो संप मागे घेतल्याचं कुणी कधी जाहीर केलं नाही. तो नुसता विरत गेला.

त्याचा सगळा तपशील इथे देत नाही, आमच्या खोलीतलं तेवढं सांगतो. पहिल्या महिन्यात सोळाच्या सोळा जण जेवायला येत होते. महिन्याचा दर एकशे दहा रुपये होता. आई म्हणाली, "आठ-पंधरा दिवसांत मिटेल. मिटल्यावर देतील." फेब्रुवारीत चौघे गावी गेले. शिमग्याला आणखी गेले. जाताना प्रत्येक जण आईच्या पाया पडून गेला आणि प्रत्येक जण म्हणाला, "मावशी, वहीत लिहून ठेवा." मी लिहून ठेवलं. एप्रिलमध्ये बेरीज केली, येणे रुपये ४,३१७. किराणावाल्याचे पैसे मी माझ्या पगारातून भागवले.

त्यांतले तिघे पुढे येऊन पैसे देऊन गेले. एक जण तर सात वर्षांनी आला, गावाहून काजू घेऊन. बाकीचे आले नाहीत. गिरणीच उघडली नाही तर ते कशाला येतील? मी एकदा आईला म्हटलं, "आमच्याकडे अशी रक्कम निर्लेखित करतात. सोडून दिली असं लिहितात." ती म्हणाली, "सोडली असं लिहू नकोस. त्यांना द्यायचे होते." वही तशीच ठेवली.

संपानंतर कुणी वडापावची गाडी टाकली, कुणी भाजी विकायला बसलं, कुणी वॉचमन झालं. ज्या बायका सोळा माणसांना जेवू घालत होत्या त्यांतल्या काहींना दुसऱ्यांच्या घरी पोळ्या लाटायला जावं लागलं. १९९५ मध्ये युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर काढली. आई तिथे एकदा जाऊन चव घेऊन आली. म्हणाली, "भाकरी पातळ आहे, पण रुपयात काय देणार बिचारे."

चिमणीखालचे बार

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले होते. एक मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला आणि एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी सगळ्या जमिनीची नाही, फक्त रिकाम्या जमिनीची करायची, असं झालं. म्हणजे जिथे शेड उभ्या आहेत ती जागा वाटणीतून बाहेर. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २००६ मध्ये बदललेला नियम कायम झाला. मोकळ्या मैदानाची आणि घरांची जी जागा मिळायची ती फार थोडी मिळाली. आज आपल्या मुलांना क्रिकेट खेळायला सोसायटीचं पार्किंग का लागतं, याचं उत्तर या एका नियमात आहे.

मग शेडमध्ये ऑफिसं आली, स्टुडिओ आले, जाहिरातवाले आणि चॅनेलवाले आले. फिनिक्समध्ये आधी बोलिंग आलं, मग मॉल. ऑफिसातल्या मुलामुलींना दुपारी जेवायला आणि संध्याकाळी बसायला जागा हवी, म्हणून रेस्टॉरंट आणि बार आले. थोडक्यात, हिशेब जुनाच होता. कामाला माणसं आली की त्यांना खायला घालणारी माणसं मागोमाग येतात. फरक इतकाच की पूर्वी कामगार आणि खानावळवाली एकाच चाळीत राहायचे. आता खाणारा अंधेरी-ठाण्याचा, मालक आणखी कुठला, आणि आपल्या वाट्याला येतो तो आवाज नि गाड्यांची गर्दी.

२००७ च्या अखेरीस मथुरादास मिलच्या आवारात ब्लू फ्रॉग सुरू झालं. तिथे देशोदेशीचे वादक येत. २०१६ मध्ये ते बंदही झालं. २०१५ मध्ये कमला मिलच्या आवारात 'बॉम्बे कँटीन' निघालं. त्यामागचे एक प्रमुख शेफ फ्लॉइड कार्डोझ मुंबईत जन्मलेले, न्यूयॉर्कला नावारूपाला आलेले, २०२० च्या मार्चमध्ये कोरोनाने गेले. आपल्याच प्रांतोप्रांतीचे पदार्थ आणि फळं-मसाले घेऊन नव्या तऱ्हेने वाढायचे, ही तिथली रीत. ती इमारत 'प्रोसेस हाऊस' या नावाने ओळखली जाते. कापडावर प्रक्रिया करायच्या खात्याचं हे नाव. कॉकटेल प्यायला येणाऱ्या किती जणांना ते कळत असेल, देव जाणे.

आई २००९ मध्ये गेली. त्याआधी एकदा मी तिला मॉल दाखवायला नेलं. चिमणी तेवढी ओळखीची होती. सरकत्या जिन्यावर ती चढेना. खालीच बाकावर बसली, येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "एवढी माणसं! जेवतात कुठं?"

२९ डिसेंबर २०१७

आता जे सांगायचं आहे त्यात माझी चूक आहे, आणि ती छापून यावी अशी माझी इच्छा आहे.

२०१७ च्या वार्षिक सर्वसाधारण सभेत तळमजल्याच्या एका गाळेधारकाने प्रस्ताव आणला होता की गाळा रेस्टॉरंट आणि बारला भाड्याने द्यायचा आहे, सोसायटीने ना हरकत द्यावी. बदल्यात सोसायटीला दरमहा ठरावीक रक्कम मिळणार होती. मी खजिनदार. लिफ्ट बदलायची होती, वॉटरप्रूफिंग राहिलं होतं. मी कागदावर आकडे मांडून सभेला पटवून दिलं की पाच वर्षांत आपला सिंकिंग फंड कुठल्या कुठे जाईल. मागच्या बाजूच्या पॅसेजमध्ये स्वयंपाकघर काढायचं आणि सिलिंडर तिथेच ठेवायचे, असं नकाशात होतं. त्या पॅसेजमधूनच आपला मागचा जिना खाली उतरतो.

ठराव मंजूर होणारच होता. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या मावशी उठल्या. आईच्या जुन्या सोबतीण, त्यांचीही खानावळ होती. सभेत त्या एरवी कधी बोलत नसत. त्यांनी एवढंच विचारलं, "रात्री स्टोव्ह भडकला तर वरच्यांनी उतरायचं कुठून?" मी म्हटलं, "मावशी, आता स्टोव्हचा जमाना गेला. सगळं लायसन घेऊन होतं." दोघे-चौघे हसले. त्या खाली बसल्या. वेळ झाला म्हणून विषय पुढच्या सभेवर ढकलला गेला. तेवढंच आपलं नशीब.

२९ डिसेंबरला, मध्यरात्र उलटून थोडाच वेळ झाला होता, कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या रेस्टॉरंटला आग लागली. चौदा माणसं गेली. बहुतेक तरुण, त्यांत मुली जास्त. वाढदिवस साजरा करायला आलेली एक मुलगीही त्यांत होती. आपल्या इमारतीतला एक मुलगा तेव्हा त्याच आवारात दुसऱ्या ठिकाणी कामाला होता. त्याचा फोन लागत नव्हता. त्याची आई खाली फाटकाशी उभी होती आणि मावशी तिचा हात धरून बाजूला. तो पहाटे चालत आला. कपड्यांना धुराचा वास होता. कुणी काही विचारलं नाही.

त्याच वर्षी २९ सप्टेंबरला एल्फिन्स्टनच्या पुलावर चेंगराचेंगरीत तेवीस माणसं गेली होती. गिरण्यांसाठी बांधलेला तो जुना जिना, आणि त्यावर ऑफिसांची गर्दी. दोन्ही ठिकाणी मला एकच गोष्ट दिसते. माणसं वाढली, पैसा वाढला, पण बाहेर पडायची वाट कुणी मोजली नाही. मीही माझ्या कागदावर ती मोजली नव्हती.

पुढच्या सभेत तो प्रस्ताव मीच मागे घ्यायला लावला आणि मावशींची सर्वांसमोर माफी मागितली. त्या म्हणाल्या, "माझं काही नाही रे, पण हसलात त्याचं वाईट वाटलं." मावशी आता नाहीत. मागच्या जिन्याखाली 'इथे काहीही ठेवू नये' अशी जी पाटी आहे ती त्या सभेनंतर लागली. नव्या सभासदांना ती पाटी जाचक वाटते आणि सायकली ठेवायला दुसरी जागा नाही अशी तक्रार असते. तक्रार खरी आहे. पण पाटी काढू नका.

पुढे काय

मी बारच्या विरोधात आहे असं कुणी समजू नये. आपल्याच इमारतीतली तीन-चार मुलं या धंद्यात पोट भरतात. वर ज्याचा उल्लेख केला तो मुलगा आज एका चांगल्या ठिकाणी बारटेंडर आहे. एकदा तो आग्रहाने मला आणि आमच्या सौ.ना घेऊन गेला. तीस मिलीचं माप कसं भरायचं, आंबट-गोड कसं तोलायचं, बर्फ किती वेळ हलवायचा, सगळं त्याने समजावलं. आमच्यासाठी बिनदारूचं एक पेय बनवलं, त्यात आमसुलाचं आगळ, हिरवी मिरची आणि मीठ. सौ. म्हणाल्या, "अरे, हे तर आपलं कोकम सरबत!" तो म्हणाला, "काकू, हळू बोला, इथे त्याचे पाचशे घेतात." हातात हुन्नर आहे, कष्ट आहेत, रात्रपाळी आहे. त्याच्या आजोबांचीही रात्रपाळीच होती.

पण सोसायटी म्हणून आपल्याला काही गोष्टी माहीत हव्यात. मार्च २०२५ मध्ये उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी विधानसभेत जाहीर केलं की गृहनिर्माण सोसायटीच्या आवारात नवीन बीअर शॉपी किंवा दारूचं दुकान काढायचं तर सोसायटीचं ना हरकत प्रमाणपत्र लागेल. म्हणजे जबाबदारी आपल्या सहीवर आली. वस्तीतलं दुकान बंद करायचं असेल तर मतदानाचा मार्ग आहे, ज्याला आपण 'उभी बाटली, आडवी बाटली' म्हणतो. आणि आगीच्या कायद्याप्रमाणे अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचा दाखला दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचा असतो. तो आपल्यालाही लागू आहे, नुसता बारवाल्याला नाही. मागचा दाखला दिला का, हे वाचता वाचता सेक्रेटरींना विचारा.

आईची वही अजून माझ्याकडे आहे. समितीला तिचं एक पान छापायचं होतं. मी नको म्हटलं, कारण पानावर नावं आहेत आणि त्यांची नातवंडं कदाचित याच परिसरात, कदाचित याच इमारतीत असतील. कुणाच्या आजोबांचं येणं छापणं बरं दिसत नाही. पण ज्यांचे आजोबा डिलाईल रोडला खानावळीत जेवायचे, त्यांनी एकदा घरी यावं. पैशासाठी नाही. नाव सापडलं तर आजोबांना किती भाकऱ्या लागत ते मी सांगू शकेन.

सोसायटीला रौप्यमहोत्सवाच्या मनःपूर्वक शुभेच्छा. सुवर्णमहोत्सवाचा लेख त्या वेळच्या खजिनदाराने लिहावा, आणि मागच्या जिन्यावरून एकदा खाली उतरून मग लिहावा.